पत्राचा धनी कोण?

पूर्वी दारात पोस्टमन आला म्हणजे घरातले वडीलधारे माणूस पाकीट हातात घेऊन आधी उलटसुलट करून पाहत असे. अक्षर ओळखीचे आहे काय, शिक्का कोणत्या गावचा आहे, तिकीट किती पैशांचे आहे, एवढे पाहून झाल्यावरच पाकीट फुटे. ही रीत कोणी शाळेत शिकवली नव्हती. ती घरोघर आपोआप अंगवळणी पडली होती. आज त्याच घरांतून दिवसाकाठी पाच-पंचवीस पत्रे येऊन पडतात. ती मोबाईलच्या काचेवर उमटतात, त्यांना पाकीट नसते, आणि शिक्का असलाच तरी तो पाहण्याचे भान कोणाला राहत नाही. ‘मागील महिन्याचे बिल भरलेले नाही, आज रात्री वीज तोडण्यात येईल’ हे एक पत्र. ‘पत्ता अपुरा असल्याने आपले पार्सल अडकले आहे’ हे दुसरे. ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशा थाटात आलेली लग्नपत्रिका, जी उघडताच फोनच परक्याच्या ताब्यात जातो, हे तिसरे. या पत्रांवर नाव एकाचे असते आणि धनी भलताच असतो. तो कोण, आणि त्याचा माग सामान्य माणसाला कोठवर काढता येतो, हे सांगण्याचा येथे विचार आहे.

मी काही यंत्रविद्येचा जाणकार नव्हे. महाविद्यालयात मराठी शिकवतो. पण आमच्या विषयात पाठचिकित्सा नावाचे एक शास्त्र आहे, आणि हातात आलेला मजकूर मुळात कोणाचा, तो कोणत्या वाटेने आला, वाटेत कोणी त्यात हात घातला, हे शोधणे हेच त्या शास्त्राचे काम. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि १९६६ मध्ये ते पुरे झाले. विष्णु सीताराम सुखठणकरांसारख्या संपादकांनी काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या समोर ठेवून श्लोक न् श्लोक पारखला. तेच डोळे मोबाईलवरच्या पत्रांकडे लावून पाहावेत असे मला वाटले, त्याला कारणही तसेच घडले.

आमच्या इमारतीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. चाळीस वर्षे त्यांनी मुलांना शुद्धलेखन शिकवले. वीज तोडण्याचे ते पत्र त्यांना संध्याकाळी सातला आले. पत्रातल्या नंबरावर त्यांनी फोन केला. पलीकडच्या ‘अधिकाऱ्या’ने अत्यंत अदबीने एक अॅप घ्यायला सांगितले आणि पडताळणीसाठी फक्त १० रुपये भरायला लावले. त्या अॅपमुळे बाईंच्या फोनवर जे उमटत होते ते सारे त्या गृहस्थाला दिसत होते, पासवर्डसुद्धा. पाऊण तासात ९४ हजार रुपये गेले. ही हकीकत त्यांनी मला पाचव्या दिवशी सांगितली, आणि पहिले वाक्य होते, ‘सर, आमच्या मुलाला यातलं काही कळू देऊ नका हं.’ पैसे गेले याहून मला ते पाच दिवस अधिक लागले. त्याचे कारण पुढे येईलच.

समान चुका, समान मूळ

मी पत्रे जमवू लागलो. स्टाफरूममधून, विद्यार्थ्यांकडून, नागपूर, बडोदे आणि इंदूरच्या नातलगांकडून अशी वीजबिलाची एकतीस पत्रे हाती आली. सगळी इंग्रजीत. कोणात महावितरणचे नाव, कोणात दुसऱ्याच राज्यातल्या वीजकंपनीचे, तर कोणात नुसतेच ‘इलेक्ट्रिसिटी ऑफिस’. रात्रीची वेळ कोठे साडेनऊ, कोठे साडेदहा. पण बहुतेक सर्वांत एक वाक्य जसेच्या तसे होते: ‘बिल वॉज नॉट अपडेट’. तेथे ‘अपडेटेड’ हवे हे शाळकरी पोरही सांगेल.

पाठचिकित्सेचा पहिला धडा येथे कामी येतो. दोन पोथ्यांत एकच बरोबर शब्द असला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी असली तर त्या एकाच मातृकेवरून उतरल्या, असे समजावे. नागपूर आणि बडोद्याच्या वीजकंपन्या निराळ्या, कारकून निराळे. दोघांचीही इंग्रजी एकाच ठिकाणी अडखळावी असा योगायोग घडत नाही. म्हणजे पत्र कंपनीचे नव्हते, ते एका नमुन्यावरून उतरवलेले होते. गुन्ह्याचा शोध घेणारे तज्ज्ञही हेच करतात. एकाच साच्यातली पत्रे एका गठ्ठ्यात बांधतात आणि मग गठ्ठ्याचा बाप शोधतात.

येथे कोणी विचारील की, एवढे हुषार लबाड साधे इंग्रजी का सुधारत नाहीत? कॉर्मॅक हर्ली या मायक्रोसॉफ्टमधल्या संशोधकाने २०१२ मध्ये या प्रश्नाचे मोठे मार्मिक उत्तर दिले. नायजेरियातल्या राजपुत्राची अडकलेली दौलत सोडवण्यासाठी आधी थोडे पैसे पाठवा, अशी पत्रे त्याने विचारात घेतली होती. त्याचे म्हणणे असे की, पत्राचा वेडेपणा ही चाळण आहे. पत्र पाठवणे फुकट असते, पण उत्तर देणाऱ्याशी बोलत बसायला माणूस आणि वेळ लागतो. चौकस माणूस पहिल्या ओळीलाच हसून बाजूला झाला तर लबाडाचा वेळ वाचतो. उरतात ते त्याच्या उपयोगाचे. युक्तीही नवी नाही. फ्रान्सच्या विदोक या पोलीस अधिकाऱ्याच्या १८२८ मध्ये निघालेल्या आठवणींत तुरुंगातले कैदी श्रीमंतांना लपवलेल्या खजिन्याची पत्रे लिहीत असल्याचे वर्णन आहे. लबाडी जुनीच, वाहन तेवढे नवे.

आता मात्र एक सावधगिरी हवी. लेखन करून देणारी यंत्रे हाताशी आल्यापासून पत्रांची भाषा सुधारत चालली आहे. हल्लीचे एक बनावट पत्र तर मी वर्गात शुद्ध मराठीचा नमुना म्हणून दाखवले. तेव्हा चूक दिसली तर पत्र संशयास्पद, एवढे खरे. पण चूक दिसली नाही म्हणून पत्र खरे, असे मुळीच नाही.

जासूद आणि मोर्तब

भाषेवरून भागेनासे झाले की शिक्क्याकडे वळावे लागते. ई-पत्राची गंमत अशी की, ‘प्रेषक’ म्हणून वर दिसणारे नाव पाठवणारा वाटेल ते लिहू शकतो. १९८२ साली या टपालाचे नियम ठरले तेव्हा ते वापरणारी माणसे मोजकी आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीची होती. कोणी खोटे नाव घालील ही शंका नियम करणाऱ्यांना शिवली नाही. वास्तविक इशारा आधीच मिळाला होता. ३ मे १९७८ रोजी गॅरी थुर्क नावाच्या अमेरिकन विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली होती. नको असलेल्या पत्रांचा तो मूळपुरुष. त्या प्रकाराला पुढे ‘स्पॅम’ हे डबाबंद मांसाचे नाव चिकटले. १९७० च्या एका इंग्रजी विनोदी नाट्यप्रवेशात उपाहारगृहातल्या प्रत्येक पदार्थात तेच मांस निघते, त्यावरून.

नाव खोटे घालता येते, पण वाट लपवणे तितके सोपे नसते. ई-पत्र ज्या ज्या टपालयंत्रातून जाते ते यंत्र आपली एक ओळ पत्राच्या माथ्यावर लिहिते: अमक्याकडून, अमक्या वेळी मिळाले. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ म्हटले की ही वंशावळ समोर येते. सर्वांत वरची ओळ आपल्या स्वतःच्या टपालघराची, म्हणून ती विश्वासाची. खालच्या ओळी जुन्या. लबाड खालच्या ओळी आधीच बनावट लिहून ठेवू शकतो. म्हणून वरून खाली उतरावे, आणि जेथे सांधा जुळत नाही तेथे थांबावे. त्या खालचे सारे प्रक्षिप्त समजावे.

त्याच पानावर तीन आखूड नावे दिसतात. ती इंग्रजी आद्याक्षरांची असली तरी मराठी माणसाला परकी वाटू नयेत. ‘एसपीएफ’ म्हणजे या घराण्याची पत्रे कोणत्या जासुदांनी न्यावीत याची जाहीर यादी. ‘डीकेआयएम’ म्हणजे मोर्तब. मराठेशाहीत पत्राच्या अखेरीस मोर्तबाचा शिक्का उठवीत, तो त्यापुढे कोणी एखादी ओळ घुसडू नये म्हणून. डीकेआयएमचा शिक्का त्याहून कडक आहे; मजकुराचे एक अक्षर बदलले तरी तो जुळत नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाच्या संदर्भात ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची जी आख्यायिका आपण ऐकत आलो, ती असा शिक्का असता तर घडलीच नसती. तिसरा ‘डीमार्क’. वरचे दिसणारे नाव या दोन पुराव्यांशी जुळते का ते तो पाहतो, आणि न जुळल्यास पत्राचे काय करायचे हे सांगतो. तिन्हींपुढे ‘पास’ असले तर पत्र त्या घराण्याचे आहे, एवढे कळते. ते घराणे सभ्य आहे की नाही, हे मात्र आपणच ठरवायचे; लबाडही स्वतःच्या नावाचा शिक्का रीतसर करून घेतोच.

एसएमएसची तऱ्हा निराळी. भारतात कंपन्यांना आणि बँकांना आपले नाव आधी नोंदवावे लागते. त्यामुळे महावितरणचे संदेश ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ अशा नावाने येतात. आरंभीच्या दोन अक्षरांतले पहिले दूरध्वनी कंपनीचे, दुसरे विभागाचे. २०२५ पासून शेवटी आणखी एक अक्षर लागते: जाहिरातीला ‘पी’, सेवेला ‘एस’, व्यवहाराला ‘टी’ आणि सरकारी संदेशाला ‘जी’. बाईंना आलेले पत्र दहा आकडी खाजगी नंबरावरून आले होते. मजकूर वाचण्याआधीच निकाल लागण्याजोगा तो पुरावा होता. अर्थात या शिक्क्यावरही डोळे मिटून विसंबू नये. खोटा मनोरा उभारून आसपासच्या फोनांवर वाटेल त्या नावाने संदेश टाकणारी यंत्रे परदेशांत पोलिसांनी पकडली आहेत.

पत्ता मागून वाचावा

पत्रात दुवा असला तर तो दाबू नये, पण वाचावा जरूर. वाचण्याची रीत उलटी आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून त्यापुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपाशी जावे आणि तेथून मागे यावे. ‘अमुकबँक डॉट कॉम डॉट तमुक डॉट टॉप’ असा पत्ता दिसला तर अमुक बँकेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. घर ‘तमुक डॉट टॉप’चे, आणि बँकेचे नाव म्हणजे दुसऱ्याच्या दारावर लावलेली पाटी. आपल्या पोस्टाच्या पत्त्यातही गाव शेवटीच असते की नाही, तसेच हे.

काही वेळा अक्षरच फसवते. रशियन लिपीतला ‘अ’ रोमन ‘ए’सारखा हुबेहूब दिसतो, त्याचा उपयोग करून नामांकित कंपनीच्या पत्त्याची जुळी प्रत करता येते, हे २०१७ मध्ये एका संशोधकाने करून दाखवले. आपल्याकडे ‘ख’ आणि ‘रव’ यांचा घोळ ज्यांनी जुन्या छपाईत पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. अशा फसवणुकीला आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपापली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर नेण्यास बँकांना सांगितले. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. बँकेच्या नावाने दुवा आला आणि शेवट हा नसला, तर पुढे जाण्याचे कारण नाही.

पैशाची वाट

येथवर पत्र खोटे आहे हे कळले. धनी अजून सापडला नाही. तो शोधायचा तर पत्राचा नव्हे, पैशाचा माग काढावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये लबाडांच्या एका यंत्रजाळ्यात शिरून मोजदाद केली. २६ दिवसांत औषधांच्या जाहिरातींची सुमारे ३५ कोटी पत्रे गेली आणि विक्री झाली अवघी २८! तरीही धंदा चालतो, कारण पत्राला खर्च जवळजवळ नसतो. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियातल्या मॅकोलो नावाच्या एका कंपनीची जोडणी तोडली, तेव्हा साऱ्या जगातल्या अशा पत्रांची संख्या एका दिवसात निम्म्याहून खाली आली. आणि काही महिन्यांत पुन्हा वर चढली, कारण यंत्रे दुसरीकडे मिळतात. २०११ मधल्या पुढच्या अभ्यासात मात्र खरा अडसर सापडला. अशा पत्रांतून विकल्या जाणाऱ्या औषधे, नकली वस्तू आणि संगणक-प्रणाली यांपैकी ९५ टक्के मालाचे पैसे मूठभर बँकांतून वळते होत होते. पत्ते हजारो, यंत्रे लाखो. पण पैशाची दारे थोडी.

आपल्याकडच्या वीजबिलाच्या प्रकरणातही माग असाच लागला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली पोलिसांनी २२ शहरांतून ६५ जणांना पकडले. त्यात फोनवर ‘अधिकारी’ होणारे होते, दुसऱ्यांच्या नावावरची सिमकार्डे पुरवणारे होते, आणि आपले बँकखाते वापरायला देणारेही होते. म्हणजे धनी असा एकटा कोणी नव्हताच. एकाने नंबर दिला, दुसऱ्याने आवाज दिला, तिसऱ्याने खाते दिले. आणि प्रत्येकाला वाटत होते की आपण फारसे काही केले नाही.

हा तिसरा माणूस मी पाहिला आहे. आमच्या महाविद्यालयातला द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, अबोल. कोणी ओळखीच्याने त्याला सांगितले की, खात्याचे कार्ड आणि सिमकार्ड महिनाभर दे, पाच हजार मिळतील. त्याने दिले. तीन महिन्यांनी परराज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी आली. त्याचे वडील ती घडी घालून खिशात घेऊन स्टाफरूममध्ये आले आणि म्हणाले, ‘सर, यात काय लिहिलंय तेवढं समजावून सांगा. पोरगं म्हणतंय, मी कोणाचे पैसे घेतले नाहीत.’ पोरगे खोटे बोलत नव्हते. पण त्याच्या खात्यातून कोणा अनोळखी म्हातारीची पुंजी निघून गेली होती, आणि कायद्याच्या कागदावर धनी म्हणून नाव त्याचे होते.

माग आणखी पुढे नेला तर तो सीमेपलीकडे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजाप्रमाणे म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख माणसे अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली होती. चांगल्या पगाराच्या नोकरीचे पत्र त्यांनाही आले होते! तेथे पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला जातो आणि दिवसरात्र परक्यांना गोड पत्रे लिहावी लागतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांतून अशा ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणले. तेव्हा पत्राच्या दुसऱ्या टोकाला नेहमी राक्षसच बसलेला असतो असे समजू नये. कधी तेथे आपल्याच घरासारख्या घरातला मुलगा बसलेला असतो. राक्षस त्याच्या पाठीमागे असतो, आणि तो पत्र लिहीत नाही.

आपण काय करावे

वरच्या गुंडाळीचा माल फार मोठा आहे. संसदेत सांगितल्याप्रमाणे २०२४ या एका वर्षात भारतीयांचे २२,८४५ कोटी रुपये अशा फसवणुकीत गेले. तपास करणे पोलिसांचे काम. लबाडाशी फोनवर बोलून त्याला उघडा पाडण्याची हौस कोणी करू नये. घरी करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. पत्रातल्या नंबरावर कधीच फोन करू नये. बिलावर किंवा पासबुकावर छापलेला नंबर लावावा. फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून अॅप घेऊ नये. संशयित पत्र आले तर ‘संचार साथी’वर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, तेथे ते कळवावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत हेही तेथेच पाहता येते. आणि आपले खाते, कार्ड वा सिम कोणी मागितले, मग तो कितीही जवळचा असो, तर स्पष्ट नाही म्हणावे. हे विशेषतः घरातल्या कॉलेजकुमारांना बसवून सांगावे.

पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा. येथे त्या पाच दिवसांचा हिशेब येतो. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात जाते आणि मग रोख होते. त्या आधी तक्रार पोचली तर वाटेतल्या खात्यात ती रोखून धरता येते. तासाभरात जे जमते ते पाच दिवसांनी जमत नाही. आमच्या बाईंना हा क्रमांक ठाऊक होता. त्यांनी तो फिरवला नाही, कारण फिरवला असता तर मुलाला कळले असते. लबाडांच्या साऱ्या साधनांत त्यांना सर्वांत स्वस्त पडणारे साधन हेच: फसलेल्या माणसाची लाज. ते आपणच त्यांना पुरवतो. ‘एवढे शिकलेले असून असे कसे केलेत?’ हा प्रश्न आपण घरात एकदा विचारतो, आणि पुढच्या वेळी आपल्याला कोणी काही सांगत नाही.

दिवाळीच्या फराळाला घरात सगळे जमतील. त्या वेळी मुलांनी आईवडिलांना आणि आईवडिलांनी मुलांना एवढेच सांगून ठेवावे: कधी फसलात तर पहिला फोन १९३० ला करा, दुसरा मला, कोणी रागावणार नाही. आणि तो फोन आला, तर खरोखरच रागावू नये.